चाळीस मजल्यांची पाठ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नदीपलीकडे चाळीस मजल्यांची इमारत चढते आहे आणि तिची पुलाकडची बाजू तळापासून गच्चीपर्यंत कोरी आहे, एकही खिडकी नाही. पुलावरून पूर्वी टेकडीची कड आणि तिच्या अलीकडे जुना मनोरा दिसायचा, आता मधे ही भिंत. बिल्डर म्हणतो, शेजारच्या प्लॉटवर इमारत आली की भिंत झाकली जाईल. यानं शहराचा देखावा खरंच बिघडतो, की नवीन गोष्ट म्हणून डोळ्यांना खुपते? आणि आता काही करता येईल का?

देखावा बिघडतो, ही तुमची समजूत चुकीची नाही. आणि अजून बरंच काही करता येण्यासारखं आहे, मात्र दर मजल्यागणिक ते कमी होत जातं. मी बावीस वर्षं हेच काम करतो: उंच इमारतीचा प्रस्ताव आला की ती कुठून, किती आणि कशी दिसेल हे मोजून सांगायचं. कधी नगरपालिकेच्या बाजूनं, कधी बिल्डरच्या. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. कोरी भिंत रंगाच्या डब्यापाशी जन्मत नाही, मजल्याच्या नकाशात जन्मते. त्यामुळे भिंत वाईट दिसते एवढंच सांगून थांबणाऱ्यांचं कुणी ऐकत नाही. ती कोरी का राहिली हे ज्यांना कळतं, त्यांचं ऐकलं जातं. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

उंच इमारतीला एक गाभा लागतो. लिफ्ट, जिने, पाण्याचे आणि विजेचे डक्ट, सगळं त्यात. या गाभ्याला खिडक्यांची गरज नसते, आणि त्याच्या जाड काँक्रीटच्या भिंती, ज्यांना शिअर वॉल म्हणतात, वारा आणि भूकंपाचा आडवा जोर पेलतात. गाभा मधोमध असला तर तो बाहेरून दिसतच नाही. पण प्लॉट अरुंद असेल तर मधल्या गाभ्यामुळे घरांचे आकार वेडेवाकडे होतात, म्हणून आर्किटेक्ट तो एका टोकाला ढकलतो. झाली कोरी बाजू. दुसरं कारण आगीचं. शेजारच्या हद्दीला चिकटलेल्या किंवा फार जवळच्या भिंतीत खिडक्या ठेवायला अग्निसुरक्षेचे नियम बहुतेक ठिकाणी मनाई करतात किंवा कडक मर्यादा घालतात, कारण खिडकीतून बाहेर पडलेली ज्वाळा शेजारच्या खिडकीत शिरते. तिसरं कारण उन्हाचं, काही ठिकाणी मावळतीची बाजू मुद्दाम बंद ठेवतात. आणि चौथं निव्वळ पैशाचं: खिडकी महाग, भिंत स्वस्त. बांधकामावरची माणसं तिला सरळ डेड वॉल म्हणतात.

तुमच्या भिंतीमागे यातलं कोणतं कारण आहे, हा पहिला शोध. मंजूर नकाशे बघायला मिळत असतील तर एका नमुना मजल्याचा प्लॅन काढा आणि त्या बाजूला काय आहे ते पाहा. लिफ्ट आणि जिना असेल तर भिंत बहुतेक वेळा रचनेचा भाग असते, आणि मग तिच्यात आता भोक पाडणं जवळपास अशक्य. पण दोन कॉलमांमधली ब्लॉकची भरावाची भिंत असेल आणि मागे स्वयंपाकघर, बाथरूम, कॉरिडॉर असं काही असेल, तर तिथे अजूनही उघडी जागा निघू शकते. दोन्ही भिंती बाहेरून सारख्याच कोऱ्या दिसतात. तुमच्या पुढच्या सगळ्या मागण्या मात्र या एका फरकावर अवलंबून आहेत.

आता डोळ्यांचं. कोरी भिंत का खुपते?

माणूस इमारतीची उंची मजल्यांनी मोजतो. मजला साधारण तीन-साडेतीन मीटरचा, खिडकी माणसाएवढी, कठडा कमरेएवढा. या ओळखीच्या मापांच्या आधारे डोळा न कळत हिशेब करतो की ही वस्तू अमुक एवढी मोठी आणि अमुक अंतरावर आहे. कोऱ्या भिंतीवर हा हिशेब लागत नाही. डोळ्याला धरायला काही मिळत नाही, म्हणून ती कधी आहे त्यापेक्षा जवळ वाटते, कधी पुठ्ठा कापून उभा केल्यासारखी सपाट वाटते. मनोरा तिच्यापेक्षा पुढे असला तरी तो तिच्यावर चिकटवल्यासारखा दिसतो. देखाव्यातली खोली जाते, आणि नुसत्या उंचीपेक्षा हे नुकसान मोठं.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. खिडक्या, सज्जे, खाचा असलेल्या बाजूवर दिवसभर सावल्या सरकत राहतात, सकाळची इमारत आणि संध्याकाळची इमारत वेगळी दिसते. सपाट भिंतीला दोनच अवस्था असतात, उन्हात आणि सावलीत. त्यातून ज्या बाजूला वर्षातला बराच काळ ऊन येतच नाही, तिथली भिंत उजळ आकाशापुढे काळपट पट्टीसारखी उभी राहते. रात्री आणखी वेगळं. आजूबाजूच्या इमारतींच्या खिडक्या उजळतात, टेकडीवरचे दिवे लागतात आणि मधे चाळीस मजल्यांचा एक अंधाराचा तुकडा. उंच इमारत रात्री जी सुंदर दिसते ती आतल्या माणसांच्या दिव्यांमुळे. ही बाजू तेवढंही देत नाही.

एवढं म्हटल्यावर हेही सांगतो की प्रत्येक कोरी भिंत वाईट नसते. न्यूयॉर्कमधली संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाची इमारत पाहा. १९५० च्या सुमाराची, ३९ मजली, १५४ मीटर उंच. तिच्या दोन रुंद बाजू काचेच्या आहेत आणि दोन अरुंद टोकं पूर्ण बंद, त्यांवर व्हरमाँटचा संगमरवर. एकही खिडकी नाही, आणि तरी जगभरातले आर्किटेक्ट ती पाहायला जातात. का? टोकं जेमतेम २२ मीटर रुंद, म्हणजे उंचीच्या सातव्या हिश्शाएवढी, त्यामुळे ती भिंत वाटत नाहीत, काचेला धरून ठेवणारी कड वाटतात. दगडाच्या सांध्यांनी त्यांना माप दिलंय. भोवती मोकळी जागा आहे, बाजूला नदी आहे. आणि मुख्य म्हणजे ती टोकं कुणीतरी विचारपूर्वक बंद ठेवली आहेत. बॉस्टनची हॅनकॉक टॉवरही पाहा, तिची टोकं बंद नाहीत, पण धडा तोच. ६० मजली, १९७६ साली पूर्ण झालेली, सगळी काचेची. तिच्या अरुंद टोकांवर मधोमध वरपासून खालपर्यंत एक खोल खाच आहे. एका खाचेनं टोकाचे दोन भाग झाले, सावलीची एक उभी रेघ मिळाली आणि ते टोक सडपातळ झालं. उंच इमारतीची बंद बाजू कशी हाताळावी याचे याहून सोपे धडे मला माहीत नाहीत.

तुमच्या भिंतीचं तसं आहे का, हे मोजल्याशिवाय कळणार नाही. मोजायला यंत्र लागत नाही.

पुलावर उभे राहा, हात पूर्ण लांब करा, अंगठा उभा धरा. अंगठ्याची रुंदी डोळ्याला साधारण २ अंश दिसते, वळलेली मूठ सुमारे १० अंश. पूर्ण चंद्र अर्धा अंश. आता भिंतीचं गणित करा: रुंदीला ५७ नं गुणा आणि अंतरानं भागा, उत्तर अंशात येतं. समजा भिंत ३० मीटर रुंद, १३० मीटर उंच आणि तुम्ही एक किलोमीटरवर आहात. रुंदी १.७ अंश, म्हणजे जवळजवळ अंगठ्याएवढी, आणि उंची सात अंशांहून थोडी जास्त, म्हणजे मुठीपेक्षा थोडी कमी. चंद्राच्या तिपटीहून रुंद. हीच भिंत तीनशे मीटरवरून पावणेसहा अंश रुंद दिसते, आणि तीन किलोमीटरवरून जेमतेम चंद्राएवढी. ‘प्रचंड दिसते’ असं म्हणण्याऐवजी ‘पुलाच्या मधल्या खांबापासून १.७ अंश रुंद आणि ७.४ अंश उंच दिसते, टेकडीच्या कडेचा एवढा भाग झाकते’ असं लिहिलंत की समोरच्याला उत्तर देणं भाग पडतं. हे मी कितीतरी सुनावण्यांत पाहिलं आहे.

आता या सगळ्यातला सर्वांत कामाचा भाग, जो भिंतींबद्दल भांडणारे बहुतेक लोक विसरतात आणि आर्किटेक्टसुद्धा. निरोगी डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतका बारकावा वेगळा ओळखतो. यावरून एक साधा नियम निघतो: दर किलोमीटरला ३० सेंटिमीटर. एक किलोमीटरवरून ३० सेंटिमीटरपेक्षा बारीक रेघ डोळ्याला सुटी दिसतच नाही, दोन किलोमीटरवरून ६० पेक्षा बारीक नाही. हे सुद्धा जेमतेम दिसण्याचं माप झालं. रेघ ठसठशीत दिसायला तिप्पट-चौपट हवी.

यावर बिल्डरचा नेहमीचा प्रस्ताव तपासा. कोऱ्या भिंतीबद्दल तक्रार आली की तो म्हणतो, आम्ही प्लास्टरमध्ये ग्रूव्ह, म्हणजे बारीक खाचा, देतो. ग्रूव्ह पाच सेंटिमीटरची. ती दिसते १७० मीटरपर्यंत. त्यापलीकडे तिचा काहीही उपयोग नाही, आणि तुमचा पूल आपण एक किलोमीटरवर धरला आहे. चित्रात ती ग्रूव्ह छान दिसते कारण चित्र काढणाऱ्यानं ती पेननं काढलेली असते. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत अशा ग्रूव्हना मान डोलावलेली आहे. पुढे भिंत उभी राहिल्यावर ठरलेल्या जागी जाऊन उभा राहिलो तर समोर नुसता करडा आयत. ते काम माझ्या अहवालावर मंजूर झालं होतं. तेव्हापासून भिंतीवरच्या प्रत्येक नक्षीपुढे मी एकच आकडा लिहितो: ही किती मीटरपर्यंत दिसेल.

याच नियमाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. दीड मीटरची खिडकी साधारण पाच किलोमीटरवर डोळ्यातून निसटते. म्हणजे दूरच्या किल्ल्यावरून किंवा डोंगरावरून पाहणाऱ्याला भिंत कोरी आहे की खिडक्यांची, यानं फारसा फरक पडत नाही. त्याला दिसते ती बाह्यरेषा आणि गडद-फिकेपणा. तिथून भांडायचं तर उंचीवर आणि रंगावर भांडावं, खिडक्यांवर नाही. कोऱ्या भिंतीचं खरं नुकसान मधल्या अंतरावर होतं, साधारण तीनशे मीटर ते दोन किलोमीटर. आणि शहरातले पूल, नदीकाठ, उड्डाणपूल, मोठी मैदानं, म्हणजे जिथून लोक शहर रोज पाहतात, ती नेमकी याच अंतरावर असतात.

मग प्रश्न येतो, भिंतीच्या मागे आणि आजूबाजूला काय आहे. तीच भिंत इतर उंच इमारतींच्या घोळक्यात असती तर खपून गेली असती. लंडनमध्ये १९३० च्या दशकात नदीकाठी एका टेलिफोन एक्सचेंजच्या इमारतीनं सेंट पॉल कॅथेड्रलचं दर्शन अडवलं आणि त्यातून कॅथेड्रलभोवतीच्या इमारतींच्या उंचीवर मर्यादा आल्या. त्या आजही पाळल्या जातात. तरीही २०१६ मध्ये रिचमंड पार्कमधल्या टेकाडावरून, म्हणजे कॅथेड्रलपासून सुमारे १६ किलोमीटरवरून, घुमटाच्या मागे अचानक एक नवी इमारत उगवलेली लोकांना दिसली. ती होती शहराच्या पूर्वेला, स्ट्रॅटफर्डमध्ये, ४२ मजल्यांची, कॅथेड्रलच्या कितीतरी मागे. घुमटापुढे कुणी काही बांधलंच नव्हतं. पण घुमट ओळखू येतो तो मागच्या मोकळ्या आकाशामुळे, आणि ते आकाशच गेलं. तुमच्या मनोऱ्याचं हेच होतंय का ते पाहा: भिंत मनोऱ्याला झाकते आहे, की त्याच्यामागचं आकाश खाते आहे? दुसरं सिद्ध करणं अवघड वाटतं, पण फोटोवर ते लगेच दिसतं.

कोलोनच्या कॅथेड्रलचं प्रकरणही लक्षात ठेवा. ऱ्हाइनच्या पलीकडच्या काठावर उंच इमारतींची योजना आली तेव्हा युनेस्कोनं २००४ साली त्या कॅथेड्रलला धोक्यातल्या वारशाच्या यादीत टाकलं. योजना बदलली, उंची कमी झाली आणि २००६ मध्ये नाव काढलं गेलं. नदीपलीकडची इमारत म्हणजे वेगळा परिसर, असा युक्तिवाद तुमच्यासमोर येणारच. त्याला हे उत्तर आहे. व्हँकूव्हरनं १९८९ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. शहरातल्या ठरावीक जागांवरून उत्तरेच्या पर्वतांपर्यंत दृष्टीचे अरुंद पट्टे नकाशावर आखले आणि त्यांत किती उंच बांधता येईल ते आधीच ठरवून टाकलं. हाँगकाँगमध्ये डोंगराच्या कडेखालचा वीस टक्के भाग इमारतींपासून मोकळा ठेवण्याचं धोरण आहे. या सगळ्यांत समान काय, तर पाहण्याची जागा आधी ठरली आणि वाद नंतर झाला. तुमच्याकडे तशी जागा कागदावर ठरलेली नसेल तर आधी ती ठरवून घ्यायची मागणी करा. या इमारतीसाठी उशीर झाला असेल, पुढच्या पाचांसाठी नाही.

शेजारच्या प्लॉटवर इमारत येईल आणि भिंत झाकली जाईल, या आश्वासनाचं काय? ते खोटंच असतं असं नाही. कित्येक कोऱ्या भिंती खरोखर याच हिशेबानं बांधतात आणि पुढे झाकल्याही जातात. न्यूयॉर्कमध्ये उलट प्रकार चालतो: हद्दीवरच्या भिंतीत खिडक्या असतात, आणि शेजारी बांधकाम आलं की त्या बुजवाव्या लागतात. पण आश्वासनाला तीन प्रश्न विचारा. शेजारच्या प्लॉटवर नियमानं किती उंच बांधता येतं? तो पंधरा मजल्यांवर थांबत असेल तर वरचे पंचवीस मजले कायमचे उघडे. दोन इमारतींत किती अंतर सोडावं लागेल? भरपूर अंतर सुटणार असेल तर पुलावरून तिरकं पाहणाऱ्याला भिंत फटीतून दिसतच राहील. आणि तो प्लॉट कुणाचा आहे? दुसऱ्याच्या जमिनीवर तिसरा कधी बांधेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. बर्लिनमध्ये जुन्या घरांच्या बाजूच्या अग्निभिंती कधी दिसूच नयेत म्हणून बांधल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात शेजारची घरं पडली, भिंती उघड्या झाल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ आजही तशाच उभ्या आहेत. माझ्या मते नियम साधा हवा: जी भिंत दहा वर्षं उघडी राहू शकते, तिच्याकडे कायमची उघडी म्हणूनच पाहावं.

आता उपायांचं. काम चालू आहे, म्हणून वेळेच्या क्रमानं सांगतो.

भिंत ब्लॉकच्या भरावाची असेल तर सर्वांत आधी उघडी जागा मागा. कॉरिडॉरच्या टोकाला, जिन्याच्या मधल्या पायरीच्या जागी, प्रत्येक मजल्यावर एक. हद्द जवळ असेल तर न उघडणारी, आग रोखणारी काच चालते का ते नियमांत पाहा. एका मजल्यावर एक मीटर रुंद पट्टी, अशी चाळीस मजले सलग, की भिंत दुभंगली. दिवसा ती गडद रेघ असते, रात्री जिन्याच्या दिव्यांची उजळ रेघ. आतल्या माणसांना जिन्यात उजेड मिळतो तो वेगळाच. इतक्या कमी खर्चात इतका फरक पाडणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

शिअर वॉल असेल तर तिला हात लावू नका आणि लावा असं म्हणूही नका. बैठकीत अशी मागणी केलीत की तुमचं बाकीचं सगळं अज्ञान ठरवलं जातं. तिथे बाहेरून काम करावं लागतं. उभे फिन, म्हणजे ६०-७० सेंटिमीटर बाहेर आलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, तीन-चार मीटरच्या अंतरावर. फिनची सावली भिंतीवर एक-दीड मीटर पडते, म्हणजे ती एक किलोमीटरवरून नीट दिसते. ३० सेंटिमीटरच्या नियमात बसणारा हा उपाय. मात्र त्यासाठी अँकरच्या जागा काँक्रीट ओततानाच ठरवलेल्या बऱ्या, आणि वरच्या मजल्यांच्या कोपऱ्यांवर वाऱ्याचा ओढा फार असतो, तो इंजिनियरनं तपासलेला हवा.

मग रंग. इथे मी एकदा चुकलो आहे, ती चूक सांगतो म्हणजे तुम्हाला टाळता येईल. भिंत आकाशात मिसळून जावी म्हणून मी एका इमारतीला पांढरा रंग सुचवला होता. ढगाळ दिवशी ती सावलीतली भिंत आकाशापुढे करडी दिसायची, ते ठीक होतं. पण तिच्यावर मावळतीचं ऊन यायचं. ताजा पांढरा रंग पडलेल्या प्रकाशापैकी ८० टक्क्यांच्या आसपास परत फेकतो, उघडं काँक्रीट त्याच्या निम्म्याहून कमी. रोज संध्याकाळी तासभर सगळ्या शहरात सर्वांत झगझगीत वस्तू ती भिंत असायची. आकाशाचा उजेड दिवसभर बदलतो, रंग बदलत नाही. त्यामुळे आकाशात मिसळणारा एक रंग असूच शकत नाही. मधला, किंचित उबदार करडा किंवा आजूबाजूच्या जुन्या इमारतींच्या विटेचा-दगडाचा रंग, चमक नसलेला, आणि एकाऐवजी दोन-तीन छटांच्या रुंद उभ्या पट्ट्या, हे बहुतेक ठिकाणी चालतं. पट्टी चार मीटरपेक्षा अरुंद नको. आणि रंगाचा निर्णय पुस्तकातल्या इंचभर चौकोनावरून घेऊ देऊ नका. भिंतीवरच दोन मजले उंच नमुना रंगवायला लावा आणि पुलावरून सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाहा.

रंगाआधी पाण्याचा विचार झाला पाहिजे. एकदा मी दुरुस्तीच्या पाळण्यातून अशाच एका भिंतीच्या विसाव्या मजल्यापर्यंत गेलो होतो. इमारत जेमतेम सहा वर्षांची. खालून भिंतीवर नुसते काळे ओघळ दिसायचे. वर हात लावून पाहिलं तेव्हा कळलं की प्रत्येक ओघळाच्या तोंडाशी शटरिंगच्या टाय रॉडचं, म्हणजे काँक्रीट ओतताना साच्याच्या फळ्या धरून ठेवणाऱ्या सळईचं, एक भोक होतं, वरवर बुजवलेलं, आणि त्यातून गंजाचं पाणी बोटभर रुंदीनं उतरत होतं. त्याच्या शेजारी धूळ धुऊन निघालेला स्वच्छ पट्टा. खिडक्यांच्या बाजूला सिल, म्हणजे खिडकीखालची बाहेर आलेली पट्टी, असते, तिच्या खालच्या खाचेमुळे पाणी भिंत सोडून खाली टपकतं. कोऱ्या भिंतीवर गच्चीपासून निघालेलं पाणी तळापर्यंत भिंत सोडत नाही, आणि वाटेतली सगळी घाण घेऊन येतं. म्हणून दर चार-पाच मजल्यांवर पाणी तोडणारी आडवी पट्टी मागा. ती भिंत स्वच्छ ठेवते, आणि पुरेशी बाहेर आलेली असली तर डोळ्याला मजल्यांचं मापही देते. गच्चीच्या कठड्याचा उतार आतल्या बाजूला आहे का, तेही विचारा.

भित्तिचित्राचा प्रस्ताव कुणीतरी आणेलच. फ्रान्समधल्या लिओं शहरात कोऱ्या भिंतींवरची चित्रं ही शहराची ओळख झाली आहे. तिथली १९८७ सालची एक भिंत सुमारे १,२०० चौरस मीटरची आहे आणि वस्ती बदलली तसं चित्रही बदलत गेलं. पण ती भिंत काही मजल्यांची आहे, समोर चौक आहे, लोक खाली उभे राहून चित्र पाहतात. तुमची भिंत वर धरलेल्या मापांनी ३,९०० चौरस मीटरची. एक किलोमीटरवरून चित्रातला चेहरा दिसायचा तर तो कित्येक मजले उंच हवा, आणि मग ते चित्र जुन्या मनोऱ्याच्या शेजारी रोज ओरडत राहील. खालच्या सहा-सात मजल्यांना चित्र जरूर द्या, रस्त्यावरच्या माणसांसाठी. वर नको. झाडांची हिरवी भिंतही तशीच: खाली जगते, पण तिसाव्या मजल्यावरचा वारा, पाणी चढवणं आणि वाळलेली रोपं बदलायला दर वेळी लागणारा पाळणा, हे सगळं कोण सांभाळणार हे लेखी असल्याशिवाय मान्य करू नका.

सौर पॅनेलचा पर्याय मला जास्त आवडतो. मँचेस्टरमधली सीआयएस टॉवर १९६२ ची, ११८ मीटर उंच. तिचा लिफ्ट-जिन्यांचा गाभा इमारतीच्या बाहेर वेगळ्या मनोऱ्यासारखा, जवळपास खिडक्यांविना उभा आहे. त्यावर लाखो छोट्या मोझेक फरशा बसवल्या होत्या आणि त्या लवकरच सुटून पडायला लागल्या. शेवटी २००५ च्या सुमारास सात हजारांहून अधिक निळे सौर पॅनेल बसवून तो मनोरा मढवला गेला. भिंतीला माप मिळालं, पाण्यापासून कवच मिळालं आणि वीजही. उभ्या पॅनेलला गच्चीवरच्या तिरक्या पॅनेलइतकी वीज मिळत नाही, आणि ऊन न येणाऱ्या बाजूला हा विचार सोडूनच द्यावा. पण ऊन येणाऱ्या कोऱ्या बाजूसाठी हा प्रश्न विचारायलाच हवा.

एक अट मात्र परवानगीतच लिहून घ्या: त्या भिंतीवर जाहिरात नाही, पडदा नाही, एलईडी नाही, प्रकाशझोत नाही. पुलावरून दिसणारी १३० मीटर उंच रिकामी भिंत जाहिरातवाल्यांच्या नजरेत किती मोलाची आहे याचा अंदाज रहिवाशांना सहसा नसतो. इमारत ताब्यात गेल्यावर सोसायटीला देखभालीला पैसे लागतात आणि तेव्हा ही भिंत भाड्यानं जाते. दिवसा खुपणारी भिंत मग रात्रीही झोपू देत नाही.

शेवटी पुराव्याचं. बिल्डर जे चित्र दाखवतो ते बहुधा रुंद कोनाच्या लेन्सचं असतं. २४ मिलीमीटरच्या लेन्सनं दूरची इमारत ५० मिलीमीटरच्या लेन्सच्या निम्मीच दिसते. ५० ची लेन्स पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर सुमारे ४० अंशांचं दृश्य घेते. तो फोटो ए-३ कागदाच्या पूर्ण रुंदीत छापून डोळ्यांपासून अर्ध्या मीटरहून थोडा पुढे धरला, की वस्तू खऱ्याएवढ्या दिसतात. कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर, म्हणजे १.६ मीटरवर धरा, आणि जागा, तारीख, वेळ, लेन्स फोटोच्या खाली लिहा. चार जागा पुरेत: पुलाचा मधला खांब, पुलाचं अलीकडचं टोक, नदीकाठचा घाट आणि मनोऱ्यासमोरचा चौक. चारही जागांवरून सकाळी, भर दुपारी आणि दिवे लागल्यावर. इमारत अजून पूर्ण चढलेली नसेल तर झालेले मजले मोजा, त्यावरून उरलेली उंची फोटोवर पेन्सिलनं आखा. हे बारा फोटो आणि मजल्याचा प्लॅन घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात जा, आणि पहिली मागणी कॉरिडॉरच्या टोकाच्या किंवा जिन्यातल्या काचेच्या पट्टीची करा. स्लॅब जर अजून पंचविसाव्या मजल्याच्या आसपास असेल आणि भिंत ब्लॉकची असेल, तर वरच्या पंधरा मजल्यांत ती आजही बसवता येते, आणि पुलावरून मनोऱ्याच्या डोक्यावर दिसतात ते नेमके हेच मजले.